अठरा फूट दहा इंच

त्या रकान्यात एक दुप्पट होते आणि दहा एकही नव्हता.

पूर्णिमाने तिसऱ्यांदा मोजून पाहिलं. अडतीस पावसाळे, दिवसाला दोन नोंदी, एकूण नऊ हजार दोनशे बहात्तर. नोंद फूट आणि इंचांची, मधे टिंब. टिंबाच्या उजवीकडे दोन, तीन, चार, पाच हे आकडे प्रत्येकी पावणेआठशेच्या आसपास भरत होते. अकराही तेवढेच. एक मात्र पंधराशे बेचाळीस, आणि दहा नाहीतच. नदी अडतीस वर्षं चढते, उतरते, आणि एकदाही दहा इंचांवर येऊन थांबत नाही, हे होणं शक्य नव्हतं.

तसं पान देखणं झालं होतं. तालीम मंडळाच्या नव्या वेबसाइटवर निळ्या पट्टीखाली आकडे कवायतीला उभे केल्यासारखे एकाखाली एक उभे होते. वेबसाइट करणाऱ्या क्रांतीने सकाळीच लिंक पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘मॅडम बघा, एक नंबर झालंय. रविवारी मीटिंगला दाखवायचं.’

पूर्णिमाने बोटाने पान सरकवत दोन हजार एकवीस सालावर आणलं. तेवीस जुलै, सकाळी सहा, १८.८. तेवीस जुलै, संध्याकाळी पाच, १८.१. चोवीस जुलै, सकाळी सहा, २२.८.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसल्या बसल्या तिने मोबाइल पालथा ठेवला. दहा कुठे गेले, हे तिला शोधावं लागणार नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिने स्वतःच त्यांना तिथे पाठवलं होतं.

पूर्णिमाचे सासरे आण्णा. आयुष्यभर फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लाकडाचे साचे करायचे, त्यात सुताचा फरक पडला तर ओतीव काम वाया जायचं. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या टोकाला, घाटाच्या शेवटच्या पायरीशी एक दगडी खांब आहे. त्यावर त्यांनी फूट-इंचाच्या रेघा मारल्या आणि सत्त्याऐंशी सालच्या मृगापासून दर पावसाळ्यात रोज दोनदा पाणी वाचून वहीत उतरवलं. वर्कशॉपच्या कच्च्या वहीत लिहायचे तसंच इथेही लिहीत, आधी फूट, मग टिंब, मग इंच. सरकारी पातळी रेडिओवर यायची, आता मोबाइलवर येते. पण तो आकडा नदीचा. आण्णांचा आकडा उंबऱ्याचा. सतरा झालं की शिंप्याच्या दुकानातल्या मशिनी वर उचलायच्या, अठरा झालं की तालमीतली माती झाकायची, एकोणीसला धोंडुबाईचा गोठा. पंचांग पाहावं तशी गल्ली खांब पाहायची.

एकवीसच्या जूनमध्ये मंडळाने ठरवलं की वहीतला आकडा सगळ्यांना मोबाइलवर दिसावा. काम पूर्णिमाकडे आलं, कारण ती एम.एस्सी. झालेली, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. आण्णा घाटावरून फोन करून आकडा सांगायचे आणि ती शीटमध्ये टाकायची. कधी बसमधून, कधी भाजी चिरता चिरता. त्यामुळे आकड्यांच्या मागेपुढे फालतू जागा सुटत. कुठे एक, कुठे तीन. मोबाइलवर रकाना दारुड्यासारखा झोकांड्या खात चाले आणि शेजारचा आलेख उमटतच नसे.

तेवीस जुलैच्या संध्याकाळी पाणी चढत होतं, कॉलेज बंद होतं, हाताशी वेळ होता. आण्णांचा फोन आला, “अठरा-दहा.” तिने तो टाकला आणि मग, एवढे लोक बघणार तर नीट तरी दिसू दे, म्हणून रकाना साफ करायला घेतला. जागा पुसल्या. अक्षरांचा रकाना आकड्यांचा केला. रकाना सरळ उभा राहिला, आलेख उमटला. तिला चक्क आनंद झाला होता, हे तिला अजून आठवतं.

आकड्यांच्या रकान्यात टिंबानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते. अठरा-दहाचं अठरा-एक झालं. गल्लीने मोबाइलवर वाचलं ते असं: सकाळी अठरा-आठ, संध्याकाळी अठरा-एक. सात इंच उतरलं.

धोंडुबाईने पाच म्हशी कळंब्याला भावाकडे न्यायला टेंपो बोलावला होता. तिने तो माघारी लावला. सकाळी गोठ्यात छातीएवढं पाणी होतं. तीन म्हशी निघाल्या, दोन दाव्यालाच गेल्या.

पूर ओसरल्यावर, अकराव्या दिवशी, पूर्णिमाने माळ्यावरून वही काढून शीटशी ताडून पाहिली. एक नोंद पाहिली, दुसरी पाहिली, आणि मग पाहायचं थांबवलं. तोवर गल्लीचा निकाल लागून गेला होता: आण्णांची नजर गेली. अठ्ठ्याहत्तरचं वय, चालायचंच. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. मग गणपती झाल्यावर सांगू. मग दिवाळीनंतर. दरम्यान गल्लीच्या आग्रहाखातर तिच्या नवऱ्याने, जोतीरामने, आण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. “अजून पिकलेला नाही, तशी घाई नव्हती,” डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर हिरव्या पट्टीखाली डोळा झाकून बसलेल्या सासऱ्यांचा हात पूर्णिमाने धरला होता आणि तेव्हाही ती गप्प राहिली होती.

त्या वर्षापासून त्यांच्या घरी धोंडुबाईचं दूध येत नाही. पिशवीचं येतं.

*

क्रांतीचं दुकान राजारामपुरीत, एका झेरॉक्सवाल्याच्या माडीवर. ती पूर्णिमाची जुनी विद्यार्थिनी; बारावीला फिजिक्समध्ये जेमतेम काठावर पास झालेली आणि त्याचा तिला आजही काडीचा पश्चात्ताप नव्हता.

“या की मॅडम. च्या सांगतो. आवडलं का पान?”

“दहा कुठे गेले?”

“कसले दहा?”

“अठरा पॉइंट दहा.”

क्रांतीने पडद्यावर बोट ठेवलं. “हे काय. अठरा पॉइंट एक. एकच की. शेवटच्या झिरोला काय किंमत असती? तुम्हीच शिकवलंय.”

“मी शिकवलं ते दशमानाचं. फूट किती इंचांचा?”

क्रांती बोट तसंच ठेवून थांबली. मग तिने हळूच बोट काढलं. “आयला,” ती म्हणाली. “बाराचा.”

“हं.”

“म्हणजे अठरा-दहाचं अठरा-एक झालं. नऊ इंच गायब.” तिने खुर्ची मागे सारली. “मॅडम, तुमच्या शीटमधी अक्षरंच हुती, मान्य. पण सगळ्या आकड्यांच्या मागंफुडं स्पेस. मोबाइलवर बघायला लाज वाटत हुती. म्हटलं साफ करूया. स्पेस काढल्या, नंबर करून टाकला, तर कसं सरळ उभं राहिलं बघा. मला तर लय भारी वाटलं.”

पूर्णिमाने मान हलवली. ते वाक्य तिचं होतं. फक्त चार वर्षं उशिराने दुसऱ्याच्या तोंडून आलं होतं.

“पुन्हा करू,” ती म्हणाली. “मूळ शीट उघड, मी यंदा सगळ्या वह्यांवरून नव्याने उतरवलेली.”

दोघी कामाला लागल्या. फूट वेगळ्या रकान्यात, इंच वेगळ्या. टिंब काढूनच टाकलं. इंच कायम दोन अंकी, आठ असले तर ०८, म्हणजे दहा आणि अकरा आले तरी रकाना हलणार नाही. नऊ हजार ओळींवर ती गोष्ट बसायला अर्धा तास गेला. मग साल. आण्णा वहीत वर्ष एकदाच लिहीत, पानाच्या डोक्यावर. शीटमध्ये त्यासाठी दोनशे चव्वेचाळीस चौकटी एकत्र करून एक केली होती आणि वेबसाइटवर ती फुटून पहिली सोडून बाकीच्या ओळी बिनसालाच्या झाल्या होत्या. ती चौकट तोडून प्रत्येक ओळीत साल भरलं.

“आता हा शेऱ्याचा रकाना काढूया,” क्रांती म्हणाली. “ह्यानंच सगळं टेबल फुटतंय. एकेक शेरा बघा किती लांब. मोबाइलवर आकडा दिसायला तिरकं सरकवत बसायला लागतंय.”

“काढायचा नाही.”

“अवो मॅडम, ‘पाणी तांबडं’, ‘आज दोन नारळ वाहून आले’. कोण वाचणार हाय?”

“पुढचा वाच.”

क्रांतीने वाचलं. “‘सोळा-चार. धोंडूच्या दाराशी बेडूक ओरडतात. उद्या चढणार.’” मग खालच्या ओळीकडे पाहिलं. “सतरा-एक. चढलं की वो.”

“शेरे आकड्यांच्या खाली दुसऱ्या ओळीत घे. बारीक अक्षरात. रुंदी वाढणार नाही.”

“लांबी वाढंल.”

“वाढू दे. लांब जायला बोट आहे.”

क्रांती हसली आणि तसं केलं. तिने मोबाइल हातात घेऊन पान वरखाली सरकवून पाहिलं, मोबाइल आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. मग सरकवत सरकवत तिचं बोट एकवीस सालावर थांबलं. पूर्णिमाला ते थांबणार हे माहीत होतं.

“मॅडम. तवा पण असंच झालतं काय?”

पूर्णिमाने चहाचा कप खाली ठेवला. “तेव्हा शीट माझ्याकडे होती,” ती म्हणाली.

क्रांतीने तिच्याकडे पाहिलं नाही. उगीच कीबोर्डवरची धूळ पुसली. मग म्हणाली, “रविवारी धोंडुबाई असणार हाय मीटिंगला. तिचा पोरगा सम्राट पण.”

“माहीत आहे.”

“मग हे पान असंच ठेवू?”

“असंच.”

*

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर उदयसिंह आले. मंडळाचे अध्यक्ष, गल्लीतलं लग्न असो, मयत असो, यांचा पांढरा शर्ट पुढे असायचाच. आण्णा आत झोपले होते, जोतीराम कामावर. उदयसिंहांनी आतल्या दाराकडे एकदा पाहून आवाज खाली घेतला.

“वैनी, पान बघितलं. फस्क्लास. पण ते तेवीस जुलैचं अठरा-दहा कुठनं आलं? मला तर चांगलं ध्यानात हाय, अठरा-एक हुतं.”

“वहीत अठरा-दहा आहे.”

“ते बरोबर. पण गल्लीनं वाचलं ते अठरा-एक.” ते थांबले. मूर्ख माणूस नव्हता. दोन्ही आकडे त्यांनी मनात शेजारी शेजारी ठेवले असावेत, कारण पुढचं वाक्य यायला जरा वेळ लागला. “असं व्हय,” ते म्हणाले.

“हो,” पूर्णिमा म्हणाली.

“बघा वैनी, मंडळाला शंभर वर्षं व्हायलीत. सगळी एका पंगतीला बसणार हायत. त्यात जुनं उकरायचं कशाला? त्या तीन दिवसांच्या ओळी लपवून टाका. क्रांती म्हणाली एका मिनिटाचं काम हाय. ‘नोंद उपलब्ध नाही’ लिवा. कुणी विचारणार न्हाय.”

“नोंद उपलब्ध आहे.”

“अवो, मला म्हाईत हाय की उपलब्ध हाय.”

“मग तसं कसं लिहायचं?”

उदयसिंहांनी कपाळ पुसलं. “बरं, तसं नको. मग सरळ सांगूया, कॉम्प्युटरनं झिरो खाल्लं. खोटं न्हाय की ते. आण्णांचं नाव निघालं, तुमचं आलंच न्हाय, धोंडुबाई कॉम्प्युटरला शिव्या घालून मोकळी. सगळं भागलं.”

वाट सोपी होती. चार वर्षांत पूर्णिमाने ती स्वतःही अनेकदा चालून पाहिली होती, थोडी पुढे जाऊन दरवेळी परत आली होती.

“कॉम्प्युटरला मी जे सांगितलं ते त्याने केलं,” ती म्हणाली. “उलट त्याने एकही चूक केली नाही.”

“सम्राट कसला पोरगा हाय म्हाईत हाय न्हवं? दारात येऊन बोंबलंल. तुम्ही मास्तरीण बाई. कॉलेजात कळलं तर काय ऱ्हाईल?”

“जे आहे ते राहील.”

“आणि मंडळ? आम्ही तोंडं बघत बसायची?” आता त्यांचा आवाज चढला. “अध्यक्ष मी हाय. काय लावायचं, काय न्हाय, ते कमिटी ठरवंल. मी क्रांतीला आत्ता फोन लावतो, ओळी लपिव म्हणून.”

“लावा,” पूर्णिमा म्हणाली. आवाज होता तेवढाच होता. “एक ओळ लपली तर बाकीच्या नऊ हजारही काढून घेईन. मंडळाने फक्त पान दिलंय. पाणी आण्णांनी मोजलंय.”

“धमकी देताय व्हय वैनी?”

“नाही. काय होईल ते सांगतेय.”

उदयसिंह तिच्याकडे बघत राहिले. वीस वर्षं ते या बाईला ओळखत होते. हळदी-कुंकवात कोपऱ्यात बसणारी, वर्गणीच्या पावतीवरची बेरीज तपासून मगच सही करणारी. ते उठले, चपलेत पाय घातले आणि दारातून म्हणाले, “उद्या दहाला. काय बोलायचं ते इचार करून बोला.”

“चार वर्षं तेच करतेय,” पूर्णिमा म्हणाली. पण ते तोवर पायऱ्या उतरले होते.

*

मृग आठवड्यावर आला की आण्णा खांब रंगवतात. रविवारी सकाळी सातला ते घाटावर गेले, मागोमाग रंगाचा डबा घेऊन पूर्णिमा. नदी खाली, आपल्या पात्रात, कुणाच्या अध्यातमध्यात नसल्यासारखी वाहत होती. आण्णा पायरीवर बसले, खांबाला पोलादी पट्टी लावली आणि फुटाच्या तांबड्या रेघांमधे इंचाच्या पांढऱ्या रेघा पुन्हा गिरवायला घेतल्या. ब्याऐंशीव्या वर्षीही ब्रश एकदाच टेकायचा आणि एकदाच उचलायचा.

“आण्णा, आता कोण बघतं हे?” तिने विचारलं. चार वर्षांत प्रथमच विचारलं.

“नदी बगती.”

तिने डबा त्यांच्या हाताजवळ सरकवला. “त्या वर्षी लोक बोलले तेव्हा तुम्ही वही का नाही दाखवली? अठरा-दहा लिहिलेलं होतं.”

आण्णांनी रेघ पुरी केली. मग ब्रश डब्याच्या काठावर निथळत ठेवला.

“कुणी मागितली?” ते म्हणाले. “म्हातारा आंधळा झाला म्हणाली, जाऊन डोळं फोडून घे म्हणाली, त्ये पण घेतलं. पण एकानं म्हटलं न्हाय, आण्णा, वही बघू. आपण हून दारोदार वही दाखवत फिरायला मी काय चोर हाय? मी लिवलं ते लिवलं. वही माळ्यावर हाय. ज्याला पायजे त्यानं यावं, शिडी हाय.”

“मी आले होते,” असं तिच्या अगदी ओठावर आलं. मी शिडी लावली होती, आण्णा, अकराव्याच दिवशी. पण आण्णांनी पुन्हा ब्रश उचलला होता, आणि तिला वाटलं की हे इथे, नदीकाठी, दोघांतच बोलून टाकलं तर तेही एक लपवणंच होईल. आण्णांना गल्लीने चारचौघांत खोडलं होतं. ते चारचौघांतच पुन्हा लिहायला हवं.

“दहाला मीटिंगला याल?” तिने विचारलं.

“मला काय करायचंय तिथं?”

“बसा फक्त.”

आण्णांनी तिच्याकडे वळून बघितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने, दुसऱ्या डोळ्यानेही. दोन्ही चांगले होते. “त्यो आकड्यांचा तक्ता लावणार हायसा न्हवं भिंतीवर,” ते म्हणाले. “येतो. तुझं टेबल तरी बगतो.”

*

तालमीच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. मातीचा आणि तेलाचा वास कितीही झाडलं तरी तिथून जात नाही. क्रांतीने भिंतीवर पांढरी चादर ताणून प्रोजेक्टर लावला होता. पन्नासेक माणसं होती. बायका उजव्या अंगाला, पुढच्या ओळीत धोंडुबाई, काष्ट्याचं लुगडं आवरून ऐसपैस बसलेली. तिचा सम्राट दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आण्णा आले, चप्पल काढली आणि मागच्या भिंतीशी टेकून बसले. दोघातिघांनी माना वळवल्या आणि पुन्हा सरळ केल्या.

उदयसिंहांनी प्रास्ताविक केलं, नारळ फोडला. क्रांतीने पान उघडलं. चादरीवर सत्त्याऐंशी साल उमटलं आणि खाली सरकू लागलं. फूट, इंच, खाली बारीक अक्षरात शेरे. आधी लोक शांत होते, मग कुणीतरी मोठ्याने वाचलं, “‘आज शांतिनाथ शेटजींची सायकल पाण्यात, सापडली’,” आणि हशा झाला. शांतिनाथ शेटजींचा मुलगा उठून म्हणाला, ती सायकल अजून घरात आहे, घंटी वाजते. कुणाचं लग्न कुठल्या पाण्यात झालं, कुणाचा जन्म कुठल्या फुटाला, सगळं निघू लागलं. शेऱ्यांचा रकाना ठेवल्याबद्दल क्रांतीने पूर्णिमाकडे बघून हात जोडल्यासारखं केलं.

“एकवीस दाव गं क्रांते,” धोंडुबाई म्हणाली.

हॉलमधला आवाज बसला. उदयसिंह चटकन पुढे झाले. “मावशी, येळ कमी हाय, आधी ह्या वर्षीचं कसं बगायचं ते–”

“दाव म्हटलं. माझ्या दोन म्हशींचं साल हाय त्ये. मला बगू दे की काय लिवलंय.”

क्रांतीने पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमाने मान हलवली. पान सरकत गेलं आणि थांबलं. तेवीस जुलै, सकाळी सहा, अठरा फूट ०८ इंच. संध्याकाळी पाच, अठरा फूट १० इंच. खाली शेरा, आण्णांच्याच शब्दांत: ‘धोंडूच्या गोठ्याला दोन इंच कमी. जनावरं हलवा.’

सम्राट चौकटीपासून सुटा झाला. “हे खोटं हाय,” तो म्हणाला. “आम्ही मोबाइलवर डोळ्यांनी बघितलंय. अठरा-एक हुतं. आता चार वर्षांनी दहा करताय? म्हाताऱ्याला वाचवायला?”

“सम्राट, गप,” उदयसिंह म्हणाले.

“का गप? टेंपो दारात हुता आमच्या. आयनं आकडा बघून माघारी लावला.”

धोंडुबाई चादरीकडे बघत होती. तिला वाचता येत होतं, सावकाश, ओठ हलवत. तिने शेरा दोनदा वाचला. “जनावरं हलवा,” ती स्वतःशीच म्हणाली. मग मागे वळून भिंतीशी बसलेल्या आण्णांना म्हणाली, “हे तवाच लिवलतंस व्हय रं? का आता?”

आण्णांनी हनुवटी वर उचलली.

“कॉम्प्युटरचा काय तरी घोळ झालता मावशी,” उदयसिंह घाईने म्हणाले. “मशिन हाय शेवटी. झिरो खाल्लं त्यानं. क्रांती, फुडं घे पान. तेवढी ओळ आपण काढून टाकूया, वाद नको.”

क्रांतीचा हात माउसवर होता. तो हलला नाही.

पूर्णिमा उठली. बायकांच्या ओळीतून वाट काढत ती चादरीपाशी गेली, तेव्हा प्रोजेक्टरचा उजेड तिच्या अंगावर पडला आणि तेवीस जुलैची ओळ तिच्या खांद्यावरून गेली. ती बाजूला सरकली, ओळ पुन्हा चादरीवर नीट दिसेपर्यंत. हातात एकवीस सालची वही होती, माळ्यावरची. पूर्णिमाने ती धोंडुबाईच्या मांडीवर ठेवली, खूण घातलेलं पान उघडून. निळी शाई पाण्याने जरा पसरली होती, पण दहा स्पष्ट होता.

“ही ओळ काढायची नाही,” ती म्हणाली. वर्गात बोलते तसंच, ना हळू ना मोठ्याने. “त्या संध्याकाळी आण्णांनी अठरा फूट दहा इंच वाचलं, वहीत तेच लिहिलं आणि फोनवर मला तेच सांगितलं. मशिनने काही खाल्लेलं नाही. रकाना सरळ दिसावा म्हणून तो मी बदलला, त्यात दहाचा एक झाला. हे मला अकराव्या दिवशी कळलं होतं. या ओळीखाली आता आणखी एक शेरा जाईल, आणि त्याखाली माझं नाव.” तिने मागच्या भिंतीकडे पाहिलं. “धोंडुमावशी, चूक आण्णांची नव्हती. माझी होती.”